वयाने दुप्पट-तिप्पट मोठा (किंवा लहान) मित्र जोडायचा आहे: सांगली-मिरजेत सुरुवात कशी करावी? आणि म्हातारपणाच्या भीतीचं काय करावं?

कृष्णाकाठ

धाग्याचा उद्देश आधी सांगतो. नात्यात नसलेल्या आणि वयात निदान पंचवीस-तीस वर्षांचं अंतर असलेल्या दोन माणसांची मैत्री कशी जमते, कशाने टिकते आणि कशाने मोडते, याची कामाची माहिती एका जागी हवी आहे. सांगली, मिरज, कुपवाड धरून बोलू. अनुभवकथनासाठी दुसरे धागे आहेत. इथे काय करावं, किती करावं, कुठे बिघडतं, एवढंच लिहा.

म्हातारपणाची भीती याच धाग्यात घेतली, कारण दोन्हींचा संबंध सरळ आहे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला म्हातारपण जवळून दिसतं ते बहुतेक दवाखान्यात, नाहीतर घरातल्या आजारपणात. म्हणजे शेवटचा अवघड तुकडा तेवढा दिसतो. पंचाहत्तरीत भाजी निवडणारा, वाद घालणारा, नवीन काही शिकायला बसणारा माणूस दर आठवड्याला तासभर समोर असेल, तर उरलेलं चित्रही दिसतं. घरच्या वडीलधाऱ्यांशी जुने हिशोब असतात, काळजी असते, औषधांवरून कुरबुर असते. बाहेरच्या मित्राशी यातलं काही नसतं, म्हणून तिथे मोकळं विचारता येतं.

सुरुवातीचा आराखडा माझ्या मते असा. एकच वार, एकच वेळ, एकच जागा, एक तास. सहा भेटी ठरवून करायच्या आणि मग दोघांनी पुढचं ठरवायचं. थांबायचं असेल तर सहाव्या भेटीनंतर कुणालाही कारण न देता थांबता यावं. पहिल्या दोन भेटी घराबाहेर. आणि प्रत्येक भेटीत हाताला काहीतरी काम हवं. 'नुसत्या गप्पा मारू' म्हणून बसलं की तरुण माणूस मुलाखत घ्यायला लागतो, ज्येष्ठ माणूस भाषण करायला लागतो, आणि तिसऱ्या भेटीला दोघेही दमतात.

जाणकारांनी आपापल्या भागातलं लिहावं.

सांधेदुरुस्ती

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहितो. म्हातारपणाच्या भीतीत सगळ्यात जास्त हाताळता येण्यासारखी भीती पडण्याची आहे. तिचं चक्र असं चालतं: पडण्याची भीती वाटते, म्हणून माणूस कमी चालतो, म्हणून मांड्या आणि पोटऱ्या बारीक होतात, तोल आणखी जातो आणि मग खरोखर पडतो. हे चक्र कुठेही तोडता येतं.

दोघांनी मिळून करायच्या तीन तपासण्या आहेत. ज्येष्ठ आणि तरुण, दोघांनीही करायच्या. एकट्या ज्येष्ठाची परीक्षा घेऊ नका, ते अपमानास्पद होतं.

पहिली. हाताची नसलेली, साधारण 43 सेंटिमीटर उंचीची घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे घ्या आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयात पुरुष 14 पेक्षा कमी आणि स्त्री 12 पेक्षा कमी असेल, तर पायांत ताकद कमी आहे असं धरतात. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात हे आकडे 12 आणि 10. हाताने रेटा देऊन उठावं लागलं तर गुण शून्य.

दुसरी. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने 3 मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. इथे सेकंदांइतकंच वळण्याकडे बघा. वळताना चार-पाच छोटी पावलं टाकली जातात, भिंतीला हात लागतो, हे महत्त्वाचं.

तिसरी. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना चिकटवून 10 सेकंद उभं राहणं. हे जमलं नाही तर डॉक्टरांना दाखवून व्यायाम ठरवून घ्या. तपासताना तरुणाने बाजूला, हाताच्या अंतरावर उभं राहायचं. समोर मोबाइल धरून उभं राहायचं नाही.

तरुणांसाठी: हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत कमाल होते आणि स्नायू तिशीनंतर दर दशकात काही टक्क्यांनी घटत जातात. ज्येष्ठाबरोबर खुर्चीतून उठ-बस करणारा पंचविशीचा मुलगा स्वतःच्याही सत्तरीची तयारी करत असतो. आहारात निरोगी ज्येष्ठाला दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, मूठभर (30 ग्रॅम) शेंगदाण्यांत 7 ग्रॅमच्या आसपास, पेलाभर दुधात साडेसहा. चहा-खारी आणि रात्री दूध-पोळी यावर राहणाऱ्या एकट्या ज्येष्ठांचा आकडा यातून कुठेच पुरा होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

तंबोरा_मिरज

कानाबद्दल कुणी लिहिणार असेल तर थांबतो, नाहीतर लिहितोच, कारण अशा मैत्र्या मोडण्याचं पहिलं कारण मला कान वाटतं. लोक त्याला 'स्वभाव' म्हणतात.

वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, थ, ख ही व्यंजनं पुसट होतात आणि स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून ज्येष्ठ माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण कळत नाही." आपण ओरडतो. ओरडल्यावर स्वरच मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात, शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. तरुण मुलींचा आवाज मुळातच पातळ, त्यांना हे जास्त जाणवतं.

समोर, दीड-दोन हातांवर, तोंडावर उजेड येईल असं बसा. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीशी नको. खालच्या पट्टीत, किंचित सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगा. पंखा, टीव्ही, हॉटेलातली गर्दी टाळा. एकदम चौघांत बसवू नका. आकडे नेहमी लिहून दाखवा, सात आणि साठ यांत घोळ ठरलेला.

श्रवणयंत्र घेतलं असेल तर पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या पावलांचा आवाज नकोसा होतो, आणि तिथेच बहुतेक यंत्रं कपाटात जातात. रोज थोडा थोडा वेळ वाढवायचा, पहिले दिवस शांत खोलीत, मग घरात, मग रस्त्यावर. पटलं नाही तर परत जाऊन आवाजाची मांडणी बदलून घ्यायची. एकदाच बसवून भागत नाही. बटणासारख्या झिंक-एअर बॅटरीचा चिकट कागद काढला की ती हवेमुळे चालू होते, मग वापरा अगर न वापरा, संपतच जाते. म्हणून कागद आधी काढून ठेवू नये आणि काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवावी. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिकाच्या पुड्या असलेल्या घट्ट डबीत ठेवावं. बोटं थरथरतात त्यांना ही बॅटरी बदलणं जमत नाही. तरुण मित्राने करण्यासारखं हे पाच मिनिटांचं काम. आणि यंत्राच्या खर्चात पडण्याआधी कानातला मळ तपासून घ्या.

कान आणि एकटेपणा यांचा स्मृतीशीही संबंध आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे जे 14 टाळता येण्याजोगे धोके दिलेत, त्यांत श्रवणदोष आणि सामाजिक एकटेपणा दोन्ही आहेत.

चौथा_सेमिस्टर

तरुणांच्या बाजूने मोबाइलचं लिहितो. बहुतेक ओळखी इथूनच सुरू होतात आणि शिकवणारा घाई करतो म्हणून इथेच बिघडतात.

नियम एक: फोन त्यांच्या हातात राहतो. "द्या इकडे, करून देतो" म्हटलं की शिकणं संपलं. नियम दोन: एका भेटीत एकच गोष्ट, ती तीनदा, त्यांच्याच बोटाने. नियम तीन: पावलं त्यांच्या वहीत, त्यांच्या अक्षरात, त्यांच्या शब्दांत. 'हिरवं गोल चित्र दाब' असं लिहिलं तरी चालेल, त्यांना तेच सापडतं.

सेटिंग आधी बदला. अक्षरं मोठी, उजेड जास्त, रिंगचा आवाज खालच्या पट्टीचा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, त्यामुळे आपल्याला झगझगीत वाटणारी स्क्रीन त्यांना ठीक असते. 'दाबून धरण्याचा वेळ' ही सेटिंग वाढवली की हात थरथरणाऱ्यांची चुकून दाबली जाणारी बटणं कमी होतात. कोरड्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. बोट किंचित ओलं करून पुसायचं. ठसे झिजलेले असले की अंगठा लागत नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये काढताना अशांनी अंगठ्याऐवजी चेहरा ओळखण्याची पद्धत वापरावी. त्यासाठी खोलीत समोरून उजेड हवा आणि फोन डोळ्यांच्या उंचीला धरायचा. ऐंशी पूर्ण झालेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेचं पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं, तेही आधारवरून फोनवर निघतं.

पैसे: पिन तुम्हाला माहीत असता कामा नये. ते टाकताना मान वळवा, दिसेल अशी वळवा. वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी मोठ्या अक्षरात लिहून घ्या. पैसे *घेण्यासाठी* पिन कधीच लागत नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, 'डिजिटल अरेस्ट' नावाचं कायद्यात काही नाही. फसलो असं वाटलं की लगेच 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), लाज वाटून उद्यावर ढकलायचं नाही. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते.

निवृत्त_खडू

वर सगळं उत्तम लिहिलंय. पण नीट वाचा: तपासणी, कान, फोन, सगळी धाव एकाच दिशेने आहे. तरुणाने द्यायचं, म्हाताऱ्याने घ्यायचं. याला सेवा म्हणतात. सेवेत घेणारा ओशाळतो आणि देणारा कंटाळतो. अशी जोडी परीक्षा आली की सुटते.

ज्येष्ठाकडे जे खरोखर आहे आणि जे मुलाला खरोखर हवं आहे असं काम शोधा. 'अनुभवाचे बोल' कुणाला नको आहेत. कौशल्य हवं आहे. आपल्या जिल्ह्यात अशी कौशल्यं ढिगाने आहेत. तासगाव-कवठेमहांकाळ भागात द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी डोळ्यांनी ओळखणारे जुने बागायतदार आता गुडघ्यांमुळे बागेत उतरत नाहीत; नातवाच्या वयाचा मुलगा फोनवर काडीचे फोटो दाखवून डोळा शिकू शकतो. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरा-सतारीची जवारी लावणारे (घोडी घासून तारांचा नाद जुळवणारे) हात आहेत. ज्यांना मोडी वाचता येते असे आजी-आजोबा अजून भेटतात आणि घराघरांत न वाचलेली मोडी कागदपत्रं पडून आहेत. नाटकाच्या गावात, विष्णुदास भाव्यांनी 1843 साली जिथे पहिलं नाटक केलं त्या सांगलीत, पाठांतर आणि आवाजफेक शिकवणारे हौशी नट सत्तरीत घरी बसलेत आणि एकांकिकांची पोरं आवाज बसवून घेतायत.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने मध्यम वयाचं मुख्य काम सांगितलं ते पुढच्या पिढीला काही घडवून देणं; ते झालं नाही तर माणूस आतून थिजतो. 'मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही' ही भीती मरणाच्या भीतीपेक्षा जास्त ज्येष्ठांच्या तोंडून ऐकू येते. ती समजुतीने जात नाही. कुणीतरी मंगळवारी साडेपाचला वही घेऊन येणार आहे आणि आपल्याला तयारी करायची आहे, याने जाते.

कृष्णाकाठ

@निवृत्त_खडू, पूर्ण सहमत. आराखड्यात दुरुस्ती: सहा भेटींपैकी तीन तरुणाच्या कामाच्या, तीन ज्येष्ठाच्या.

सूर्यवंशी_प्लॉट

दोघांनाही लागेल असं एक काम सुचवतो. पूर. सांगलीत याहून उपयोगी काम नाही, आणि हे काम एकट्या तरुणाला किंवा एकट्या ज्येष्ठाला नीट करताच येत नाही.

आपल्या गल्लीचा पुराचा नकाशा करा. पुलावरचा आकडा सगळ्यांना पाठ असतो: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 40 फूट इशारा, 45 फूट धोका, 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पण पुलावर अमुक फूट असताना *आपल्या दारात* किती, हे फक्त जुन्या रहिवाशांना माहीत असतं आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, आरवाडे पार्क, कर्नाळ रोड, दत्तनगर या भागांत पाणी आधी येतं, पण कुठल्या बोळातून आधी, हे प्रत्येक गल्लीला वेगळं. बऱ्याच ठिकाणी नदी काठ ओलांडायच्या आधी नाल्यातून आणि गटारीतून उलटं पाणी येतं. तरुण लोक नदीकडे बघत राहतात आणि पाणी मागच्या दाराने येतं.

कृती अशी. कागदावर गल्ली काढा, प्रत्येक घर चौकोन. ज्येष्ठ मित्राबरोबर सकाळी चालत जा (उन्हाळ्यात आठच्या आत) आणि दर घरी 2005, 2019, 2021 च्या खुणा विचारा. भिंतीवरची रेघ रस्त्यापासून टेपने मोजा, जोत्यापासून नको, कारण जोती वेगवेगळी. दोन शेजाऱ्यांचं सांगणं जुळत नसेल तर दोन्ही लिहा आणि तिसऱ्या घरी मोजा. पाणी कुठून आधी दिसलं त्याला बाण. तो आकडा त्या दिवशीच्या पुलाच्या पातळीशी जोडा. जुन्या वर्तमानपत्रांत रोजची पातळी सापडते, हे वाचनालयात बसून करायचं काम पावसाच्या दिवसांसाठी ठेवा.

दुसऱ्या कागदावर घरातली माणसं. कोण जिना चढू शकत नाही, कुणाला ऐकू येत नाही (हे रात्री हाक मारताना लागतं), कोण इन्सुलिनवर आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाकडे गाय आहे. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. जनावर सोडून ज्येष्ठ माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणून जनावराची सोय आधी ठरवावी लागते.

प्रत्येक ज्येष्ठासाठी एक पिशवी: पंधरा दिवसांची औषधं आणि चिठ्ठीची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये, जादा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, दातांच्या कवळीची डबी, आधार, पासबुक, काठी, दोन जोड कपडे. औषधं दर महिन्याला बदलून घ्यायची, नाहीतर पुराच्या दिवशी मुदत संपलेली निघतात. हलायचं ते इशारा पातळीची वाट न बघता, आणि दिवसा. रात्री बोटीत चढताना ज्येष्ठांची पडझड होते.

मधल्या_वेळचं

ST चं कुणी लिहिलं नाही. 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, 75 पूर्ण झाल्यावर राज्यभर मोफत, आधार दाखवून. महिलांना अर्धं. औदुंबर, नरसोबाची वाडी, पलूस अशी एक दिवसाची सहल जवळजवळ फुकट होते. जाताना पुढची, चाकांवर न येणारी सीट आणि लघवीची सोय कुठे आहे ते आधी बघा. बरेच ज्येष्ठ बाहेर यायला नाही म्हणतात ते याच कारणाने, आणि ते सांगत नाहीत. सकाळपासून पाणी प्यायचं सोडतात आणि दुपारी चक्कर येते.

आठवणीतलं_नाव

विसरण्याच्या भीतीबद्दल. पन्नाशीनंतर नाव जिभेवर येऊन अडकणं, खोलीत कशाला आलो ते न आठवणं आणि नंतर आठवणं, हे वयाचं आहे. काळजीचं काय? तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा, पण विचारल्याची आठवणच नाही. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं. आयुष्यभर केलेला हिशोब किंवा स्वयंपाकाचा क्रम मोडणं. सहा महिन्यांत घडलेला बदल. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी भेटणाऱ्या मित्राला हा बदल घरच्यांच्याही आधी दिसतो, कारण घरचे रोज बघत असतात.

दिसला तर लगेच 'डिमेन्शिया' म्हणू नका. ब-12 ची कमतरता (शाकाहारी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत विशेष), थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, यांमुळेही असंच होतं, आणि यातलं बरंचसं बरं होतं.

वेगळी आणि तातडीची गोष्ट: काल ठीक असलेला माणूस आज एकदम बरळतोय, वेळ-जागा कळत नाही, किंवा अचानक फार झोपाळलाय. ही लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, नवीन औषध यांची खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. 'वय झालं' म्हणून थांबू नका. चेहरा वाकडा, हात लुळा किंवा बोलणं अडखळलं तर मिनिटभरही नाही.

पुण्यातली_लेक

दुसऱ्या बाजूने विचारते. सांगलीत आईवडील एकटे आणि कुणीतरी पंचविशीचा मुलगा दर आठवड्याला घरी येतो, हे ऐकून मुलांना धास्ती वाटणारच. ती कशी सोडवावी? फसवणुकीच्या बातम्या वाचतोच आपण.

कृष्णाकाठ

धास्ती रास्त आहे, आणि ती मुलांनी बोलून दाखवण्याआधी तरुणाने स्वतः सोडवायची. पहिल्या महिन्यात मुला-मुलीशी फोनवर ओळख, स्वतःचं कॉलेज, घर, एका ओळखीच्या माणसाचं नाव. घराची किल्ली, एटीएम कार्ड, पिन, दागिने, घरभाडं वसुली: कशालाही हात नाही, त्यांनी आग्रह केला तरी. उसने पैसे दोन्ही बाजूंनी नाहीत, पन्नास रुपयेही नाहीत. बँकेत बरोबर गेलात तर काउंटरपासून लांब उभे राहा. मृत्युपत्र, जागा, वाटण्या हा विषय निघाला तर "याबद्दल वकिलांशी बोला" एवढंच, आणि साक्षीदार म्हणून सही करायची नाही. कामं वहीत लिहिलेली असली की मुलांना वही बघता येते.

मुलांनीही एक करावं: त्या मुलाला 'आईला गोळ्या दिल्यास का' असे फोन करू नयेत. त्या दिवसापासून तो बिनपगारी केअरटेकर होतो.

अडचण आली आणि बोलायला कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. पोटची मुलंच सांभाळत नसतील तर 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. तरुण मित्राने अर्ज लिहायला मदत करावी, भांडणात उतरू नये.

चौथा_सेमिस्टर

जत, आटपाडी, कवठेमहांकाळची मुलं सांगलीच्या विश्रामबागेत खोल्या शोधत फिरतात आणि तिथल्याच बंगल्यांत वरचा मजला बंद असतो. नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर गावच्या एका वृद्धाश्रमात विद्यार्थी भाडं न देता राहतात आणि बदल्यात महिन्याला 30 तास चांगला शेजारी म्हणून देतात. इथे का जमू नये?

निवृत्त_खडू

जमेल, पण फुकट नको. फुकट राहणाऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही. भाडं थोडं कमी करावं, आणि तास कागदावर असावेत: आठवड्याला चार, त्यांत काय येतं (बाजार, फोन, दवाखान्यात सोबत) आणि काय येत नाही (झाडलोट, रात्रीची शुश्रूषा, पाहुण्यांची सरबराई). महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी. भांडणाचे विषय ठरलेले असतात: रात्री यायची वेळ, स्वयंपाकघरात मांसाहार, गरम पाणी, मित्र. हे चार पहिल्याच दिवशी बोलून टाकावेत. जात विचारून खोली देणाऱ्यांनी मैत्रीचं नाव घेऊ नये.

सांधेदुरुस्ती

भीतीबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी 2002 साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या पन्नाशीपुढच्या 660 लोकांच्या माहितीवरून दाखवलं की स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने बघणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. यातून 'सकारात्मक विचार करा' असा सल्ला काढू नका, त्याने काही होत नाही. नजर बदलते ती समोर नमुना असला की.

तंबोरा_मिरज

मरणाबद्दल कसं बोलावं हे राहिलं. ज्येष्ठ म्हणतात, "आता किती दिवस राहिलेत." तरुण घाबरून म्हणतो, "असं बोलू नका हो." तिथे दार बंद होतं. त्याऐवजी विचारा, "कशाची काळजी वाटते, दुखण्याची की मागे राहणाऱ्यांची?" बहुतेक वेळा उत्तर नेमकं असतं: अंथरुणाला खिळायला नको, नळ्या नकोत, बायकोचं कसं होईल. नेमक्या भीतीवर काही करता येतं.

नळ्यांच्या भीतीवर कायदेशीर उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 साली पद्धत सोपी केली. बरं होण्याची आशा नसताना कुठले उपचार नकोत ते लिहायचं, निर्णय कुणी सांगायचा त्या जवळच्यांची नावं द्यायची, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. एक प्रत घरी, एक फॅमिली डॉक्टरकडे. अठरा वर्षांपुढचं कुणीही करू शकतं, म्हणून दोघांनी एकाच टेबलावर आपापलं लिहायला घ्यावं. पंचविशीच्या माणसाला हा कागद भरताना बरंच कळतं.

आणि एक व्यवस्था सुरुवातीलाच करा. तरुणाचा नंबर घरच्या टेलिफोनच्या वहीत, 'मित्र' असं लिहून. नातेवाईक नसल्याने त्याला निधनाची बातमी कुणी कळवत नाही. तो ठरलेल्या वारी येतो आणि दाराला कुलूप. घरच्यांनी त्याला लगेच कळवावं, दिवसांना बोलवावं, आणि त्याची वही त्याला परत द्यावी. मुलांना वाटतं, त्याचा काय संबंध. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं जवळचं मरण असू शकतं.

मधल्या_वेळचं

परीक्षेच्या दिवसांत खंड पडतो त्याचं काय करावं? ज्येष्ठांना वाटतं, आपलंच काही चुकलं.

निवृत्त_खडू

खंडाची तारीख आधी सांगायची आणि परत यायची तारीखही. दोन्ही त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्यांच्यासमोर, लाल पेनाने. मधे आठवड्यातून एक दहा मिनिटांचा फोन, ठरल्या वारी ठरल्या वेळी. नुसता मेसेज नको, तो वाचायचा राहतो. आणि सुट्टीआधी ज्येष्ठाला काम देऊन जा: मोडीचं एक पान उतरवून ठेवा, एकांकिकेची एक प्रत खुणा करून ठेवा, गल्लीतल्या उरलेल्या चार घरांच्या खुणा विचारून ठेवा. खुणा विचारायला जाताना टेप 5 मीटरची घ्या. 3 मीटरची पुरत नाही, 2019 च्या रेघा काही घरांत पहिल्या मजल्यावर आहेत.